गल्ल्याला दोन कुलुपे, हार्ड डिस्क मात्र वाऱ्यावर!

रात्री दुकान बंद करताना आपला व्यापारी बांधव काय काय करतो ते पाहा. गल्ला मोजतो, रक्कम कपाटात ठेवतो, शटर ओढतो, दोन्ही बाजूंची कुलुपे लावतो आणि चार पावले पुढे गेल्यावर परत येऊन ती ओढून पाहतो. ही सावधगिरी चांगलीच आहे. पण ज्या टेबलावर तो दिवसभर बसलेला असतो, त्याच टेबलाच्या काठावर, चहाच्या रिकाम्या ग्लासाशेजारी एक काळी डबी पडलेली असते. तिची वायर खाली लोंबत असते. सकाळी झाडू मारणाऱ्या मुलाचा पाय त्या वायरीत अडकला की ती डबी फरशीवर आलीच म्हणून समजा.

त्या डबीत काय असते? दुकानाची गेल्या कित्येक वर्षांची बिले, उधारीची यादी, मालाचे हिशेब. भरतकामाच्या कारखान्यात असेल तर पंचिंग केलेली शेकडो डिझाईने. छापखान्यात असेल तर गिऱ्हाइकांच्या पत्रिकांचे आणि लेबलांचे मजकूर. फोटोग्राफरकडे असेल तर कोणाच्या तरी मुलीचा निकाह आणि कोणाच्या तरी मुलाचा वलीमा. एका दिवसाच्या गल्ल्याला दोन कुलुपे आणि कित्येक वर्षांच्या कमाईचा हिशेब मात्र वाऱ्यावर! आमच्या मते ही निव्वळ निष्काळजी नव्हे, अमानतीच्या बाबतीतली ही कसूर आहे, आणि म्हणूनच या पानावर हा विषय घेत आहोत.

अमानत हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो. कुरआन शरीफची सर्वांत लांब आयत, म्हणजे सूरह बकरातील २८२ वी, कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपल्या व्यापाऱ्यांना सांगायला नको. आपल्या आजोबांनी त्या आज्ञेप्रमाणे लाल कापडाच्या वहीत लिहिले. ती वही त्यांनी उंच फळीवर, ओल लागणार नाही अशा जागी ठेवली. आपण तेच लिखाण आता डिस्कमध्ये ठेवतो. वही बदलली म्हणून जबाबदारी बदलत नाही. कोणाचे किती देणे आहे हे ज्या ठिकाणी नोंदलेले आहे ती वस्तू हरवली तर नुकसान केवळ मालकाचे होत नाही, ज्याचा पैसा अडकला आहे त्याचेही होते.

डिस्कच्या आत काय आहे

पुष्कळ लोक हार्ड डिस्कला पेन ड्राइव्हचा मोठा भाऊ समजतात. तसे नाही. पेन ड्राइव्हमध्ये हलणारा भाग नसतो. हार्ड डिस्क हे मात्र चालते यंत्र आहे. आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. खिशात मावणाऱ्या बहुतेक डिस्कांमध्ये त्या मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेतात. त्यांच्यावर वाचणारे-लिहिणारे डोके तरंगत असते. ते तबकडीला टेकत नाही. तबकडी फिरल्याने जो हवेचा पातळ थर तयार होतो त्यावर ते काही नॅनोमीटर उंचीवर राहते. माणसाच्या केसाची जाडी या अंतराच्या हजारो पट असते.

आमच्या यंत्रमागवाल्या आणि शिलाईवाल्या बांधवांना यावरून पुढचे आपोआप कळेल. चालत्या मागाला कोणी लाथ मारत नाही. शिलाई मशीन चालू असताना ते उचलून दुसऱ्या टेबलावर कोणी नेत नाही. रोज काम संपल्यावर मशीनवर कापड टाकतो, वेळेवर तेल घालतो. मग ज्या यंत्रात हजारो पटींनी बारीक जुळणी आहे, त्याच्याशी आपण विडीच्या बंडलासारखे का वागतो? उत्तर सोपे आहे. डबी बंद आहे, आतले दिसत नाही, म्हणून त्याची कदर नाही.

हलवणे, पाडणे आणि ओढून काढणे

आता सवयींकडे वळू. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सवय: डिस्क चालू असताना तिला हात लावू नका. बंद डिस्कमध्ये डोके तबकडीवरून बाजूला जाऊन ठरलेल्या जागी बसलेले असते, म्हणून बंद अवस्थेत ती बऱ्यापैकी धक्का सोसते. चालू असताना त्याच्या कितीतरी कमी धक्क्याने डोके तबकडीवर आपटू शकते. तबकडीवर ओरखडा उठला की त्या जागेवरचा मजकूर गेला, आणि उडालेले कण आत फिरून पुढचे नुकसान करतात ते वेगळेच. फाईली उतरत असताना डिस्क हातात धरून गिऱ्हाइकाशी बोलणे, लॅपटॉपसकट ती मांडीवर घेणे, ती उभी करून ठेवणे, हे सर्व टाळावे. डिस्क आडवी, सपाट आणि टेबलाच्या काठापासून हातभर आत असावी. वायर भिंतीच्या बाजूने जावी, पायात येऊ नये.

आमच्या परिचयातील एका फोटोग्राफरची हकीकत सांगण्यासारखी आहे. लग्नसराईचे दिवस होते. रात्री उशिरापर्यंत फोटो डिस्कवर उतरवून त्याने कॅमेऱ्याची कार्डे पुसली, कारण दुसऱ्या दिवशी दुसरे लग्न होते. सकाळी डिस्क चालू असताना टेबलावरून पडली. पडण्याची उंची फक्त कमरेएवढी. आतून टक्-टक् असा आवाज येऊ लागला आणि संगणकाला डिस्क दिसेनाशी झाली. नवी डिस्क बाजारात मिळाली. मुलीच्या वडिलांना काय सांगायचे ते मात्र कोणत्याच बाजारात मिळाले नाही. त्याने सगळी बयाणा रक्कम परत केली, माफी मागितली, आणि ते कुटुंब आजही त्याला सलाम करते. पण त्या निकाहचे फोटो नाहीत ते नाहीतच. यात दैव किती आणि हाताची सवय किती, याचा ज्याने त्याने विचार करावा.

दुसरी सवय, डिस्क काढताना घाई न करण्याची. संगणकाच्या पडद्यावर सुरक्षितपणे काढण्याची सूचना असते ती दाबावी, परवानगी मिळाल्यावर वायर काढावी आणि तबकडी थांबेपर्यंत दहा-पंधरा सेकंद डिस्क जागची हलवू नये. वायर अचानक ओढली तर डिस्कला उरलेल्या गतीच्या जोरावर डोके घाईने मागे घ्यावे लागते. ब्रेक लागतो, पण तो रोजच्या ब्रेकसारखा नसतो. वारंवार तसे करणे तिच्या आयुष्याला घातक आहे.

कोणी म्हणेल, विंडोज १० मध्ये २०१८ नंतर अशी व्यवस्था आली आहे की बाहेरून लावलेली डिस्क सरळ काढली तरी चालते. हे अर्धेच खरे आहे. त्या व्यवस्थेत संगणक लिखाण फार वेळ अडवून ठेवत नाही एवढेच. लिखाण प्रत्यक्ष सुरू असेल आणि आपण वायर ओढली तर फाईल अर्धवट राहणारच. मोबाईल, टीव्ही, संगणक सर्वांना चालावी म्हणून अनेकजण डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करतात. तिच्यात अर्धवट राहिलेले लिखाण सावरून घेण्याची नोंद ठेवलेली नसते, त्यामुळे तिथे तर अधिकच सांभाळावे लागते.

वीज आणि वायर

आपल्या कारखान्यांत वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा नेम नाही. खिशातल्या डिस्कला वेगळी वीज लागत नाही, ती यूएसबीच्या वायरीतूनच घेते. जुन्या यूएसबी दोन जोडणीतून ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी तीनमधून ९०० मिलिअँपिअर मिळावेत असा नियम आहे. तबकडी फिरायला सुरुवात करताना डिस्कला सर्वांत जास्त वीज लागते. एकाच स्वस्त हबवर डिस्क, स्कॅनर, मोबाईलचा चार्जर आणि छोटा पंखा लावला तर डिस्कच्या वाट्याला काय उरणार? ती चालू होते, बंद पडते, पुन्हा चालू होते. मालक म्हणतो डिस्क खराब निघाली. प्रत्यक्षात ती उपाशी असते. डिस्क थेट संगणकाला, टेबलावरचा संगणक असेल तर मागच्या बाजूला, तिच्यासोबत आलेल्या आखूड वायरीनेच लावावी. संगणकाला यूपीएस असावा. जी मोठी डिस्क वेगळ्या अडॅप्टरवर चालते तिचा अडॅप्टरही यूपीएसवरच असावा आणि दुसऱ्या कोणत्या यंत्राचा अडॅप्टर तिला लावू नये.

वायर डिस्कमध्ये घालताना-काढताना वाकडी करू नये, तिच्यावर डिस्क लोंबकळू देऊ नये. डिस्कवरचे ते छोटे तोंड सैल झाले की जोडणी तुटक होते. काही बनावटीत हे तोंड आतल्या मुख्य पट्टीवरच जोडलेले असते, म्हणजे तोंड मोडले की दुरुस्ती साधी राहत नाही. वायर सैल वाटली तर ती बदला. वायरीची किंमत आणि आतल्या मजकुराची किंमत यांची तुलनाच होऊ शकत नाही.

उष्णता, धूळ आणि ओल

अनेक बाह्य डिस्कांच्या माहितीपत्रकात चालू असतानाची योग्य उष्णता ५ ते ३५ अंश लिहिलेली असते. आता विचार करा, एप्रिल-मे महिन्यात मालेगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये किती अंश असतात? बाहेरचे हवामान बदलणे आपल्या हाती नाही, पण डिस्क कुठे ठेवायची हे आहे. ती लॅपटॉपच्या गरम हवेच्या झरोक्यासमोर नको, कापडाच्या गठ्ठ्यावर नको, प्रिंटरच्या डोक्यावर नको. मोठी नक्कल उतरवायची असेल तर सकाळी लवकर किंवा रात्री करावी. स्कूटरच्या डिकीत भर दुपारी डिस्क ठेवून नमाजला किंवा जेवायला जाऊ नये.

भरतकामाच्या किंवा मागाच्या खोलीत तर दोन शत्रू आणखी असतात: सततची थरथर आणि कापसाचा तूस. ज्या टेबलावर किंवा फळीवर यंत्राची थरथर पोहोचते तिथे चालू डिस्क ठेवू नये. शक्य असेल तर संगणकाची बैठक वेगळ्या भिंतीला करावी. तूस आणि धूळ सांध्यांत आणि तोंडात बसते, म्हणून काम झाल्यावर डिस्क कोरड्या कापडाने पुसून डबीत ठेवावी.

कोकणातल्या आणि मुंबईच्या बांधवांसाठी पावसाळा ही मोठी कसोटी. डिस्कच्या डबीत ओल शोषणारी पुडी ठेवावी, बुटांच्या खोक्यात येते तशी, आणि ती जुनी झाली की बदलावी. थंडगार एसीच्या खोलीतून दमट हवेत आणलेली डिस्क लगेच लावू नये. ग्लासावर जसे दव धरते तसेच तिच्यावरही धरू शकते. अर्धा-एक तास थांबल्याने धंदा बुडत नाही.

जिचे काम तिनेच करावे

आणखी एक वाईट सवय अशी की एकाच डिस्कवर सारा संसार चालवायचा. हिशेबाचे काम थेट तिच्यावरूनच, डिझाईन उघडणेही तिच्यावरूनच, संध्याकाळी मुले त्याच डिस्कवरचे सिनेमे टीव्हीला लावून पाहणार, आणि शेजारच्या दुकानदाराने मागितली की तिलाच उसनी देणार. चालते यंत्र जितके जास्त तास फिरेल, जितक्या जास्त हातांतून जाईल, तितके झिजेल. हिशेबाचे चालू काम संगणकाच्या आतल्या डिस्कवर करावे, आणि बाहेरच्या डिस्कवर फक्त नक्कल ठेवावी. नक्कल झाली की डिस्क काढून कपाटात ठेवावी. तिला दहा-पंधरा टक्के मोकळी जागा असू द्यावी, गळ्यापर्यंत भरू नये.

डिस्क काढून ठेवण्याला आणखी एक कारण आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरचे संगणक कुलूपबंद केले आणि भारतालाही त्याची झळ पोहोचली. असा विषाणू शिरला की संगणकाला जोडलेली डिस्कही त्याच्या तावडीत सापडते. कपाटात असलेल्या डिस्कपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही.

इशारा मिळेलच असे नाही

डिस्क आजारी पडू लागली की काही वेळा खुणा दिसतात. फाईल उघडायला फार वेळ लागणे, नक्कल मध्येच अडकणे, टक्-टक् किंवा घासल्यासारखा आवाज येणे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंदही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रामने ती वाचता येते. महिन्यातून एकदा ती पाहावी. खराब जागांचा आकडा वाढताना दिसला तर त्याच दिवशी मजकूर दुसरीकडे घ्यावा.

परंतु या इशाऱ्यावर विसंबून राहू नका. गुगल कंपनीच्या तज्ज्ञांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्याकडील डिस्कांचे आकडे नियमित जाहीर करते. तिच्याकडे २०२३ मध्ये १.७० टक्के आणि २०२४ मध्ये १.५७ टक्के या वार्षिक दराने डिस्का निकामी झाल्या. त्या डिस्का तर गार हवेच्या खोलीत, एका जागी घट्ट बसवलेल्या असतात, त्यांना कोणी खिशात घालून फिरत नाही. तरीही दरवर्षी शंभरातल्या एक-दोन जातातच.

आवाज येऊ लागला तर एकच नियम: ताबडतोब बंद करा आणि पुन्हा पुन्हा लावून पाहू नका. प्रत्येक प्रयत्नात डोके तबकडी खरवडते आणि जे वाचले असते तेही जाते. डिस्क घरी उघडू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका, पुरात भिजली तर उन्हात वाळवून किंवा गरम हवा मारून लावून पाहू नका. जाणकार माणसाकडे द्या. हेही लक्षात ठेवा की हमी डिस्कची असते, आतल्या मजकुराची नसते. कंपनी नवी डबी देईल, तुमची खतावणी देणार नाही.

दुसरी प्रत हवीच

म्हणजे चांगल्या सवयींनी डिस्कचे आयुष्य वाढते, पण ती अमर होत नाही. यासाठी दुसरी प्रत हवीच. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला हिशेब सोपा आहे: मजकुराच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या जागी. एक संगणकात, एक दुकानातल्या डिस्कवर, एक घरी किंवा इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेत.

दुसऱ्या जागेचे महत्त्व आपल्या भागाला वेगळे समजावून द्यायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पुरात बुडाली. अशा पुरात एकाच दुकानातला संगणक आणि डिस्क दोन्ही एकत्रच जातात. दुसरी प्रत गावाच्या उंच भागातल्या भावाच्या घरी असेल तर दुकान पुन्हा उभे करताना निदान उधारी तरी वसूल होते.

काही बांधव म्हणतात, डिस्क काही हजारांत मिळते, गेली तर नवी घेऊ. आम्ही त्यांना विचारतो, तुमची वीस वर्षांची डिझाईने कोणत्या दुकानात मिळतात? काही म्हणतात, आता सगळे क्लाऊडवर टाकतो. टाकावे, ती चांगली तिसरी प्रत आहे. पण फुकटची जागा थोडी असते, लग्नाचे चित्रण चढवायला रात्र पुरत नाही, आणि खात्याचा पासवर्ड विसरला तर दार बंद. काही म्हणतात, आता बिनचाकी एसएसडी घेतली, पडली तरी काही होत नाही. खरे आहे, धक्का ती उत्तम सोसते. पण तीही अचानक जाऊ शकते, आणि वर्षानुवर्षे वीज न देता उष्ण जागी ठेवली तर तिच्यातला मजकूर विरू शकतो. आणि काही म्हणतात, नशिबात असेल ते होईल. त्यांना एवढेच सांगणे की आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. न बांधलेला उंट गेला तर दोष वाळवंटाला देता येत नाही.

कायद्याची बाजूही आहे. जीएसटीत नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला आपली हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. डिस्क बिघडली हे उत्तर अधिकाऱ्यासमोर फार वेळ टिकत नाही.

आणि कायद्यापेक्षा मोठी बाजू आखिरतची आहे. माणूस वारला की वारसा वाटण्यापूर्वी त्याचे कर्ज फेडावे लागते, हा आपला शरीअतचा नियम आहे. बापाच्या देण्याची यादी डिस्कमध्ये, डिस्क बंद पडलेली किंवा तिचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही, अशा वेळी मुलांनी कोणाचे देणे फेडायचे? म्हणून डिस्क कुठे आहे आणि ती कशी उघडते हे घरातल्या एका विश्वासू माणसाला माहीत असलेच पाहिजे.

आमची सूचना छोटीच आहे. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. आपल्या अनेक पेढ्याही जुम्म्याला अर्धा दिवस थांबतात. त्याआधी, जुम्मेरातला संध्याकाळी, नक्कल उतरवावी, डिस्क नीट काढावी, पुसावी, डबीत घालून कपाटात ठेवावी. अर्ध्या तासाचे काम. आणि वर्षातून एकदा, रमजानमध्ये जकातीचा हिशेब करायला बसाल तेव्हा, दोन्ही प्रती उघडून त्यांतल्या चार-दोन जुन्या फाईली खरोखर वाचता येतात की नाही ते पाहावे. जी प्रत कधी उघडूनच पाहिली नाही, तिच्या भरवशावर राहू नये. चार-पाच वर्षे झालेली डिस्क चांगली चालत असली तरी तिला दुय्यम कामाला लावून मुख्य प्रतीसाठी नवी घ्यावी.

आज रात्री शटर ओढण्यापूर्वी टेबलावर एक नजर टाका. ती काळी डबी काठावर असेल तर उचलून कपाटात ठेवा. मात्र उचलण्यापूर्वी ती बंद आहे ना, एवढे पाहा.